दोन गोलांचे गुण

भिंगरीला खरं नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिची आई तळमजल्यावर पार्लर चालवायची, वर घर होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. शेजारच्या दारात राहायची तिची जिवाभावाची मैत्रीण. जाड भिंगांचा चष्मा लावायची म्हणून ती ढापणी.

ढापणीला कळायला लागल्यापासून जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. लंगडं मांजर दिसलं की ती शाळेला उशीर करून त्याचा पंजा बघत बसे. भिंगरीचं तसं काहीच ठरलेलं नव्हतं. प्रवेश परीक्षेच्या वेळी कॉलेज निवडायची पाळी आली, तेव्हा तिने ढापणीने लिहिलं होतं तेच जसंच्या तसं उतरवलं. दोघींना रोज एकाच बसने जाता येईल, एवढाच तिचा विचार होता. कुत्रं दिसलं की आपण रस्ता बदलतो, हे तिला त्या क्षणी आठवलंच नाही.

निकाल लागला तेव्हा पार्लर भरलेलं होतं. भिंगरीने फोनवर नंबर टाकला, आकडा पाहिला आणि फोन आईच्या हातात दिला. आईने ब्रश खाली ठेवून आकडा वाचला, मग खुर्चीतल्या बाईंना वाचायला लावला, कारण स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास बसेना. शंभरापैकी चौऱ्याण्णव. पुढचा अर्धा तास त्या पार्लरमध्ये कुणी कुणाचे केस कापले नाहीत. आई हसत होती, रडत होती, सगळ्यांना मिठ्या मारत होती, आणि खुर्चीतल्या बाईंच्या डोक्याला लावलेला रंग विसरला गेला तो गेलाच. धुतल्यावर केस गाजरासारखे निघाले. बाई आरशात बघून म्हणाल्या की असू दे, एवढ्या हुशार मुलीच्या घरी लागलेला रंग आहे.

बाबा त्या दिवशी एका उंच इमारतीत कामाला होते. त्यांनी लिफ्ट तपासता तपासता ही बातमी प्रत्येक मजल्यावर सांगितली, आणि गच्चीवर पोचल्यावर तिथे टाकी साफ करणाऱ्यालाही.

भिंगरीचे तर पाय जमिनीवर ठरेनात. परीक्षेत तिची एक खोड होती. उत्तर नक्की ठरेना की ती दोन गोल काळे करायची, म्हणजे शेवटी नीट विचार करून एक खोडता येईल. शेवटी घंटा झाली आणि खोडायचं राहूनच गेलं. त्या प्रश्नांवर पाणी सोडून ती घरी आली होती. आता चौऱ्याण्णव दिसल्यावर तिने एवढाच अर्थ काढला की उरलेलं सगळं आपण अगदी बिनचूक सोडवलं असणार. हिशेब केला असता तर तिलाच कळलं असतं, पण आनंदात हिशेब कोण करतं?

ती तशीच धावत शेजारी गेली. ढापणीच्या आईने दार अर्धंच उघडलं आणि पोरीचं डोकं दुखतंय, झोपलीय, असं सांगितलं. ढापणीला अडतीस मिळाले होते. भिंगरी जिना उतरताना पहिल्यांदाच एकेक पायरी उतरली.

पण लोक तिला फार वेळ उदास राहू देईनात. जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात तिचं नाव पहिल्याच यादीत लागलं आणि गल्लीने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच ती डॉक्टरीणबाई झाली. कुणी मांजराला कान दाखवायला आणलं, एक आजोबा कासव जेवत नाही म्हणून त्याला रबरी टबासकट घेऊन आले. भिंगरी लांबूनच मान डोलवायची आणि गंभीर चेहऱ्याने सांगायची की पाणी भरपूर पाजा. कासवाच्या बाबतीतही तिने तेच सांगितलं. खोटं कशाला, तिला हे सगळं भयंकर आवडत होतं. आरशासमोर तिने गळ्यात ड्रायरची वायर अडकवून आपण कशा दिसू तेही पाहून घेतलं.

एके दिवशी एक निवृत्त पोस्टमन आपला पोपट घेऊन आले. पोपट गप्प झाला होता, पिसं फुगवून बसला होता. त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडून पोपट थेट भिंगरीच्या मनगटावर ठेवला. भिंगरीने जी किंकाळी फोडली तिने पोपट उडाला, पार्लरभर घिरट्या घालू लागला, दोन बायका डोक्यावर टॉवेल घेऊन खुर्च्यांखाली शिरल्या, आणि भिंगरी बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसली. आवाज ऐकून शेजारून ढापणी आली. कित्येक दिवसांनी ती घराबाहेर पडली होती. तिने दिवे बंद केले, पडदे ओढले, अंधारात पोपट खाली बसल्यावर त्याला अलगद रुमालात धरलं आणि तो गारठला आहे, त्याला पंख्याखाली ठेवू नका, असं पोस्टमनकाकांना सांगितलं. मग बाथरूमचं दार ठोठावून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, या बाहेर. पेशंट घरी गेला."

भिंगरी बाहेर आली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग जे हसू फुटलं ते पोट दुखेपर्यंत थांबलं नाही.

त्याच आठवड्यात बातमी आली की परीक्षा मंडळाच्या तपासणी यंत्रात गडबड झाली होती. फिकट काळे केलेले गोल यंत्राला दिसलेच नव्हते. आणि जिथे दोन गोल काळे होते तिथे शून्य द्यायचं सोडून, दोनपैकी एक बरोबर असला तरी त्याने पूर्ण गुण दिले होते. मंडळाने जाहीर केलं की ज्यांचे गुण कमी पडले त्यांचे वाढवले जातील. ज्यांना जास्त मिळाले त्यांचा यात काही दोष नाही, त्यामुळे त्यांच्या गुणांना हात लावला जाणार नाही.

ढापणीचा हात मुळातच हलका. तिचे अडतीसचे त्र्याण्णव झाले. तिच्या आईने दार सताड उघडलं, गल्लीत पुन्हा एकदा मिठाई वाटली गेली, आणि भिंगरीने आनंदाने ढापणीला उचलून अशी गरगर फिरवली की चष्मा उडून कुंडीत पडला. दोघी एकाच कॉलेजात, एकाच बसमध्ये. आकाश ठेंगणं झालं.

दोन दिवसांनी ढापणीला कळलं की पहिल्या यादीने जागा भरून गेल्या आहेत. यादीतल्या शेवटच्या मुलाला नव्वद होते, हिला त्र्याण्णव, तरी ही बाहेर. प्रतीक्षा यादीत तिसरी.

त्या संध्याकाळी दोघी गच्चीवर बसल्या होत्या.  ढापणीने सहज विचारल्यासारखं विचारलं की तू दोन-दोन गोल किती ठिकाणी केले होतेस? भिंगरी म्हणाली, असतील अर्ध्याच्या आसपास.

"मग चौऱ्याण्णव कसे आले?"

भिंगरी बोटांवर मोजायला लागली. इतके दिवस न केलेला हिशेब एका क्षणात झाला. आधी तिचे कान तापले. मग तिला कासवाला भरपूर पाणी पाजणारे ते आजोबा आठवले आणि ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जागा सोडते, असं ती म्हणताच ढापणी चिडली. तिला कुणाच्या दानावर डॉक्टर व्हायचं नव्हतं, आणि एक जागा सुटली तरी पुढे दोघं होतीच.

"तुला कोण देतंय दान," भिंगरी नाक पुसत म्हणाली. "मला माझे गुण बघायचेत. हे कुणाचे घेऊन फिरतेय मी?"

दुसऱ्या दिवशी ती मंडळाच्या कार्यालयात गेली. खिडकीमागच्या बाईंनी तिचं ऐकून घेतलं आणि गुण वाढवून घेण्याचा अर्ज पुढे सरकवला. भिंगरीने सांगितलं की वाढवायचे नाहीत, कमी करायचे आहेत. बाईंनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं आणि शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना हाक मारली. साहेबांनी आणखी एकाला बोलावलं. पाहता पाहता सगळी कचेरी खिडकीपाशी गोळा झाली. एकाने तिला पाणी दिलं. दुसऱ्याने घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं. शेवटी ठरलं ते असं की, कमी करायचा अर्जच छापलेला नाही, कारण असं कुणी मागेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"मग वाढवायच्याच अर्जावर लिहू का, उणे चिन्ह घालून?" भिंगरीने विचारलं. बाईंना हसू आवरेना. त्यांनी तिला संचालकांना भेटायचा दिवस लावून दिला.

घरी आईने आकांत केला. घरात चालून आलेलं सुख कुणी असं लाथाडतं का, मंडळाची चूक ती मंडळाने निस्तरावी, असं ती भांडी आदळत म्हणत होती. चौऱ्याण्णव गुण तिने सगळ्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ करवले होते. बाबा जेवत होते. ते एवढंच म्हणाले, "लिफ्टमध्ये आठचा आकडा लागला म्हणून तिसरा मजला आठवा होत नाही गं. दार उघडलं की माणसाला दिसतंच." आई त्यांच्यावरही रागावली. पण सकाळी तिनेच भिंगरीचे केस धुऊन नीट बसवून दिले. आणि पार्लर म्हटल्यावर बातमी पोटात थोडीच राहते? दुपारपर्यंत अर्ध्या शहराला कळलं होतं की एक मुलगी आपले गुण कमी करून घ्यायला निघाली आहे.

संचालकांना भेटायच्या दिवशी दोघी मैत्रिणी तिथे पोचल्या तर फाटकापासून रांग. भिंगरीला वाटलं, सगळे आपल्यासारखेच. तिचा ऊर भरून आला. चौकशी केल्यावर कळलं की बहुतेकांना वाढून मिळतील अशी आशा होती. पण खरोखर कमी करून घ्यायला आलेलेही काही निघाले. एका उंच मुलाचे वडील त्याच्या शर्टाला धरून त्याला रांगेबाहेर ओढत होते, आणि तो खांबाला मिठी मारून उभा होता. एका मुलीने आईला आपण वाढवायला चाललोय असं सांगून आणलं होतं. आई शेजारीच उभी होती, तिला अजून पत्ता नव्हता. इतके दिवस आपण एकटीच वेडी आहोत असं वाटत असलेली भिंगरी त्यांना बघून इतकी खूश झाली की रांगेतच नाचायला लागली.

गोंगाट ऐकून संचालक स्वतः बाहेर आले. थकलेले, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी समजावून सांगितलं की यंत्राच्या चुकीपायी निर्दोष मुलांचे गुण कापणं म्हणजे त्यांना शिक्षा करणं, आणि तो अन्याय मंडळ करणार नाही.

भिंगरीचं नाचणं थांबलं. ती पुढे झाली. "सर, माझा दोष नव्हता, मान्य. हिचाही नव्हता," तिने ढापणीचा हात धरून वर केला. "मी आत, ही बाहेर. कुणाचं काही कापू नका. पण चुकीचं ओझं कुणीतरी उचललंच ना? हिने उचललंय. तुम्ही का नाही उचलत?"

संचालकांनी ढापणीला गुण विचारले. तिने त्र्याण्णव सांगितले. त्यांनी शेवटच्या प्रवेशाचा आकडा विचारला, तोही तिने सांगितला. त्यांनी दोन्ही आकडे कागदावर लिहून घेतले. मग म्हणाले, "जागा माझ्या हातात नाहीत. पण मागणं आहे."

त्यांनी ते मागितलं, आणि तेही नेटाने मागितलं असणार, कारण पंधरवड्यात निर्णय आला. यंत्राच्या चुकीमुळे यादीबाहेर राहिलेल्या प्रत्येकाला कॉलेजने वाढीव जागा द्यायची. जादा गुण मिळालेल्यांची जागा कायम राहील, पण ज्याला आपले खरे गुण हवे असतील त्याला ते मिळतील. ढापणीचं नाव लागलं. तिच्या आईने आनंदाच्या भरात पोरीऐवजी पोस्टमनकाकांनाच मिठी मारली.

भिंगरीला तिचे खरे गुण खिडकीतल्या त्याच बाईंनी दाखवले. एक्कावन्न. बाई तिच्याकडे काळजीने बघत होत्या. भिंगरीने तो आकडा दोनदा वाचला. नापास होऊ असं धरून चाललेल्या माणसाला एक्कावन्न म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. ती खिडकीतून हात घालून बाईंचा हात हलवत राहिली. आईने फोनवर आकडा ऐकला आणि म्हणाली की अर्धा पेपर वाया घालवून एक्कावन्न, म्हणजे धड खोडलं असतंस तर कुठे गेली असतीस. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांना हा नवा आकडा पाठ झाला होता.

डॉक्टरीची जागा भिंगरीने आनंदाने सोडली. दोन गल्ल्या पलीकडच्या भाषांच्या कॉलेजात जागा रिकाम्या होत्या, तिथे तिने नाव घातलं. बोलणं हाच तिथे अभ्यास आहे हे कळल्यावर तिला हे आधी का सुचलं नाही याचंच नवल वाटलं.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी ढापणी थेट गोठ्यातून पार्लरमध्ये आली. तिच्या बुटांना शेण होतं आणि तोंडभर हसू. एका म्हशीने तिची वही खाल्ली होती. भिंगरी नाक दाबून खुर्चीवर चढली आणि तिथूनच आपल्या वर्गाची हकीकत सांगू लागली. दोघी एकदम बोलत होत्या, एकीचं दुसरीला ऐकू जात नव्हतं, आणि तरी दोघी हसत होत्या. शेवटी आईने कंगवा उगारून दोघींना रस्त्यावर काढलं.