मास्तरांचा शेवटचा कोट

बायको गेली आणि मास्तरांना मरणाची धास्ती बसली. मास्तर शाळेचे नव्हेत, शिंपीकामाचे. उभा जन्म लोकांचे कोट शिवण्यात गेला. मुलगी लांब राहायची, घरात बोलायला शिलाई मशीनच काय ते उरलं. न्हाणीघरात पडलो आणि कुणाला कळलंच नाही तर, म्हणून कडी लावायचंही त्यांनी सोडलं. त्यात आणखी एक घोर: शेवटच्या दिवशी कुणी आपल्याला ढगळ कोट चढवला तर? जन्मभराच्या कामाचं नाक कापलं जाईल!

म्हणून त्यांनी ठेवणीतलं निळं कापड काढलं आणि स्वतःचा शेवटचा कोट बेतायला घेतला. पण पाठीचं माप काही केल्या घेता येईना. अखेर ते खालच्या मजल्यावर गेले आणि सिस्टरांचं दार वाजवलं. सिस्टर निवृत्त नर्स. त्याही एकट्याच, आणि जिभेला हाड नसलेल्या.

"कोट? लग्नबिग्न ठरलं की काय?"

"जायच्या तयारीचा आहे." मास्तरांनी वर बोट दाखवलं.

सिस्टर खो खो हसल्या. "अहो, किती जणांना निरोप दिलाय मी! पाठ कुणी बघत नाही."

"मला ठाऊक असेल ना!" मास्तर फुरंगटले.

सिस्टरांचं हसू ओसरलं. टेप हातात घेत त्या म्हणाल्या, "मी रेडिओ चालू ठेवून झोपते. तेवढीच घरात माणसाची चाहूल. तुम्हाला एकट्यालाच भीती वाटते होय? एक किल्ली माझ्याकडे देऊन ठेवा. सकाळी चहाला आला नाहीत, तर वर येऊन बोंब ठोकीन."

तेव्हापासून मास्तर रोज सकाळी कोट घेऊन खाली येऊ लागले. कधी खांदा बघायचा, कधी बाही.

"ही बाही काल चांगली बसली होती की!"

"जरा चुणी पडत होती. उसवली."

"चुणी कसली? चहा हवाय तुम्हाला."

कोट पुरा झाला तो असा बसला, की मास्तरांना अंगातून काढवेना. "हा घालून आडवं व्हायचं? काहीतरीच!" असं म्हणत सिस्टरांनी त्यांना बागेत नेलं. तिथे बँड वाजत होता. एका अनोळखी गृहस्थाने कोट कुणी शिवला म्हणून विचारलं आणि मास्तरांची कळी खुलली.

परतताना सिस्टर म्हणाल्या, "मलाही एक शिवा. शेवटचा नको हं, पुढच्या थंडीचा. लाल."

"लाल? या वयात?"

"मग कुठल्या वयात?"

घर आलं तरी दोघांचं वाजतच होतं.