कोरड्या मुरमाचे बार

विहिरीच्या तळाशी धोंडीरामानं लाकडी ठासणी कातळातल्या भोकात भरलेल्या मुरमावर दाबली आणि बाहेर काढली. मुरूम पिठासारखा भुरभुरत होता. असल्याच कोरड्या मुरमानं कालचे सुरुंगाचे दोन बार वाया गेले. वात जळली, भोकातून धुराचा लोट भसकन वर आला आणि काळा कातळ होता तसाच राहिला. तोंड पक्कं बुजवलं नाही तर दारूचं बळ आल्या वाटेनं निघून जातं, कातळाला हातही लावत नाही. वीस वर्षं विहिरी फोडणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं. पण बहात्तरच्या त्या दुष्काळात चिखलापुरतं पाणी मागायला त्याची जीभ रेटली नव्हती.

सोलापूरहून परवान्यावर आणलेली सुरुंगाची दारू संपली होती. भोकात भरलेला हा शेवटचा बार. हाही फुसका गेला तर उद्या विहिरीची मालकीण गोजरबाई गुरं सोडून देणार होती आणि दोन्ही पोरी घेऊन गाव सोडणार होती.

"झालं का वो दादा भरून?" काठावरून तिनं विचारलं.

"न्हाय बाई. वली माती पायजे. दोन बार मीच घालवलं."

"मग आदी का न्हाय बोललासा?"

"काय बोलू? चार दिस ट्यांकर न्हाय. घागरीत तुमच्या किती हाय, दिसतंय की मला."

ती गेली. घरातून धाकटीचं रडणं ऐकू आलं. मग दोराला बांधलेली घागर खाली आली.

"येवडंच हाय. समदं घ्या."

धोंडीरामानं पाणी मातीवर ओतलं तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली. चिखल ठासून ठासून त्यानं तोंड बुजवलं, वात पेटवली आणि तो वर पळाला.

या खेपेला जमीन हादरली.

धूर विरल्यावर दोघं खाली उतरली. कातळ तीन जागी उलला होता. एका भेगेत ओल चमकत होती.

"आपल्याच चिखलाची असंल," धोंडीराम घाईनं म्हणाला. तिची आशा वाढू द्यायचं त्याला भय वाटत होतं.

गोजरबाईनं भेगेत बोट घातलं, जिभेवर टेकवलं.

"मचूळ हाय," ती म्हणाली. "घागरीतलं ट्यांकरचं गोडं व्हतं."

मग मान वर करून तिनं थोरलीला हाक मारली, "घागर सोड गं खाली."