डाव्या हातावरचा हक्क

द्वारका रामटेकेचा पहिला फिश्चुला भाजीच्या पिशवीने घालवला, अशी तिची स्वतःची खात्री होती. डायलिसिसच्या जाड सुया नीट जाव्यात म्हणून डॉक्टरांनी मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून हा फिश्चुला केला होता. त्याच हाताच्या कोपरात पिशवी अडकवून ती आर. के. पुरमच्या बाजारातून क्वार्टरपर्यंत चालत आली. दुसऱ्या दिवशी डायलिसिस सेंटरवर नीरजने, तिथल्या टेक्निशियनने, हात चाचपला आणि म्हणाला, "आंटी, ये तो गया."

हात जपायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग डायलिसिससाठी मानेत नळी आली, नळीतून ताप आला, आणि कोपराच्या वर पुन्हा चिरफाड होऊन दुसरा फिश्चुला तयार झाला.

त्याच सुमारास सेंटरवर दीपमाला सिस्टर रुजू झाली. मूळची हिंगणघाटची, बोलायला मऊ. सकाळची पाळी सुरू होण्याआधी ती सगळ्यांना खिडकीजवळ गोळा करायची आणि शिकवायची. रोज उठल्यावर फिश्चुल्यावर बोटं ठेवायची, चालत्या फ्रिजला हात लावल्यावर लागते तशी थरथर लागली पाहिजे. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त तपासायची सुई नाही, घट्ट बांगडी नाही, तो हात उशाला घेऊन झोपायचं नाही. थरथर थांबली तर आपल्या पाळीची वाट बघायची नाही, लगेच यायचं.

पहिल्या दिवशी द्वारका तिच्यावरच उखडली. "हे मला आधी का नाही सांगितलं कोणी?"

"सांगायलाच हवं होतं, ताई," सिस्टर एवढंच म्हणाली. तिने कुणाची बाजू घेतली नाही, म्हणून द्वारका तिथे बसली ती बसलीच.

द्वारका केंद्र सरकारच्या कचेरीत अप्पर डिव्हिजन क्लार्क होती. जन्म भंडाऱ्याचा, नोकरी दिल्लीची, आणि साहेबासमोर उभं राहून वाद घालायची सवय दोन्हीकडची. शिकलेलं ती लगेच वापरायला लागली. नीरज दर वेळी एकाच ठिकाणी सुई घालायचा. तिथली कातडी पातळ होऊन फुगा आला होता. एका सकाळी तिने हात मागे घेतला.

"इथे नाही. वर घाला."

"आंटी, यहाँ आराम से जाती है."

"आरामात जाते म्हणूनच नको. दर वेळी तिथेच टोचलं तर एक दिवस फुटेल."

नीरज नवी जागा शोधत बसला. शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटनेही तेच मागितलं, मग पलीकडच्यानेही. पाळी लांबली. मॅनेजर मानस काचेच्या खोलीतून हे बघत होता. पुढच्या वेळी द्वारका आली तेव्हा खिडकीजवळ कुणी नव्हतं. सिस्टर खाली मान घालून ट्रे लावत होती.

"क्लास बंद केलाय, ताई," ती हळूच म्हणाली. "माझ्यामुळे पेशंट डोक्यावर बसले म्हणतात. मला बोलायची मनाई आहे."

"तुम्हाला आहे ना? मला नाही."

द्वारका बाहेर वेटिंगमध्ये गेली. तिने बाही खांद्यापर्यंत सरकवली. शिवण, फुगा, सुयांचे काळे डाग, सगळं उघडं. मग हिंदीत म्हणाली, "या, हात लावून बघा. जिवंत फिश्चुला कसा लागतो ते." आधी कुणी हललं नाही. मग हणमंतराव उठले. सोलापूरकडचे निवृत्त फौजी, मुलाकडे गाझियाबादला राहायचे आणि लांबून मेट्रोने यायचे. त्यांनी बोटं ठेवली, मग स्वतःचा हात चाचपला आणि मान डोलावली. हळूहळू घोळका झाला.

मानस बाहेर आला. "मॅडम, आप मेडिकल स्टाफ नहीं हैं."

"मी पेशंट आहे. हात माझा आहे."

"नहीं जमता तो दूसरा सेंटर देखिए. यहाँ लाइन लगी है."

रांग खरीच होती. हे ऐकून घरी सुखदेवचा, तिच्या नवऱ्याचा, घास हातातच राहिला. "अगं, जागा गेली तर? जाणार कुठे? जरा गप्प बसलीस तर काय बिघडतं?"

"गप्प बसले म्हणूनच पहिला गेला."

"तेव्हा तुला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे. मग तर गप्प बसायचा प्रश्नच नाही, अहो."

पुढच्या वेळी सुखदेव रजा टाकून तिच्याबरोबर आला आणि वेटिंगमध्ये शेवटच्या बाकावर बसून राहिला. तिने नेहमीसारखी बाही सरकवली. आत बोलवेपर्यंत ती शिकवत राहिली.

त्याच दिवशी ती मशीनवर असताना दारात हणमंतराव दिसले. त्यांची पाळी नव्हती. "सकाळपासून थरथर लागत नाही," ते नीरजला म्हणत होते. नीरज दुसऱ्याची सुई लावत होता. "कल आपकी बारी है, अंकल. तब देखेंगे."

द्वारकेच्या हातात दोन सुया होत्या, उठता येत नव्हतं. तिने आवाज चढवला. "सिस्टर, इकडे या. आत्ता."

दीपमाला धावत आली. हणमंतरावांच्या हातावर तिने स्टेथोस्कोप ठेवला आणि डोळे मिटून ऐकलं. मग कुणालाही न विचारता तिने डॉक्टरांना फोन लावला. फिश्चुल्यात अडकलेली रक्ताची गुठळी ताजी होती. सर्जनने ती संध्याकाळपर्यंत काढली आणि फिश्चुला वाचला.

मानस म्हणाला, "लकी हैं अंकल."

"लकी नाहीत," द्वारका म्हणाली. "त्यांना शिकवलं होतं."

पुढच्या पाळीला कुणी खुर्चीवर बसलं नाही. ठरवून काही झालं नव्हतं, फक्त द्वारका वजनकाट्याजवळ हाताची घडी घालून उभी राहिली आणि बाकीचे तिच्यामागे उभे राहिले. "सिस्टर शिकवेल, मग आम्ही हात देऊ," ती म्हणाली. हा खेळ नव्हता. अंगात पाणी साचलेली माणसं होती ती, उशीर झाला की त्यांना धाप लागायची. द्वारकेचे पाय सुजलेले होते. सिस्टर कळवळून म्हणाली, "ताई, बसा तुम्ही, माझ्यासाठी नका."

"तुमच्यासाठी नाही."

मानसने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी सगळ्यांकडे बघितलं, हणमंतरावांची पट्टी बघितली आणि मानसला म्हणाले, "क्लास सुरू करा. मलाच आधी लक्ष द्यायला हवं होतं." मानसने दहा मिनिटं दिली. सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं नाही. त्याबद्दल पुढे तिला मेमो मिळाला आणि तिची पाळी बदलून दुपारची झाली. तिथेही ती शिकवायला लागली, कारण दुपारच्या पेशंटांना काहीच माहीत नव्हतं.

सकाळची खिडकी द्वारकेकडे आली. तिथे एकदा शिवांगी नावाची तरुण मुलगी आली, परीक्षांची तयारी करणारी, हाताला नुकते टाके घातलेली. ओढणी गुंडाळून तिने हात लपवला होता.

"काकू, हे असंच फुगलेलं दिसणार का? सगळ्यांना?"

"दिसणार," द्वारका म्हणाली. "दिसू दे. ओढणी सोड आधी, घट्ट बसलीय."