दाजींनी पाडलेली खाच

आमच्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सुतार म्हणून अव्वल. पण अकलेचं वाटप चाललं होतं तेव्हा ते बहुधा पटाशीला धार लावत बसले होते. "मला कळत नाही" एवढं त्यांच्या तोंडून कधी निघालं असतं, तर मी त्याच दिवशी मिश्या उतरवल्या असत्या. मिश्या अजून शाबूत आहेत.

तर दाजींनी कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं मशीन आणलं आणि बाजारभर डांगोरा पिटला, "हातानं काम करतात ते अडाणी!" ते ऐकून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या कपाटांना नक्षीदार दारं सांगितली. वर बजावलं, "मशीनचीच हवीत. हातकाम दिसलं तर घेणार नाही. संध्याकाळी न्यायला येते."

मशीन हलायला सॉफ्टवेअर हवं, ते होतं सीडीवर. आणि दाजींनी आणलेला लॅपटॉप एवढासा, की जोरात शिंकलं तर उडून जाईल. त्याला सीडी घालायला जागाच नाही.

दाजींनी तो उलटा केला, झटकला, कानाशी धरला.

"खाच पाडायची विसरलेत. हल्लीच्या कारागिरांचं कामात लक्षच नसतं."

ताई म्हणाली, "अहो, समोरच्या फोटो स्टुडिओत मोठा कॉम्प्युटर आहे. तिथे सीडी घालून सगळं पेनड्राइव्हवर घ्या नि ह्यात टाका. चहा होईपर्यंतचं काम."

"त्या फोटोवाल्याचे पाय धरू? घरात पटाशी असताना?"

"दाजी, ते स्टूल नाही," मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा, मेव्हणे. तुम्हाला खिळ्याचं डोकं कुठलं ते ठाऊक नाही."

आणि खोटं वाटेल, पण खाच काय सुरेख पाडली! कडा पॉलिश पेपरनं घासल्या, मेण चोळलं, फुंकर मारली. सीडी अलगद आत गेली. गेली ती गेलीच. लॅपटॉपनं एक उचकी दिली आणि खाचेतून असा धूर काढला, की पलीकडच्या गल्लीत लोकांनी वाळत घातलेले कपडे आत घेतले.

"माल हलका निघाला," दाजींनी निवाडा दिला.

"झालं! आता बाईंना काय दाखवणार? धूर?" ताई कडाडली.

दाजींनी मुकाट्यानं हातकरवत उचलली. दुपारभर असे भिडले, की भुसा आमच्या गुडघ्यांपर्यंत आला. शेवटचं दार राहिलं आणि बाई हजर.

"मशीन चालताना बघायचंय मला!"

दाजींनी झटकन कारखान्याच्या दाराला आतून कडी घातली. "आत येऊ नका! डोळ्यांत भुसा जाईल!" आणि ताईला डोळ्यांनी खुणावलं. ताईनं कपाळावर हात मारून भुसा ओढायचा व्हॅक्यूम चालू केला. तो असा गरजला, की खिडक्या थरथरल्या.

"वा!" बाई बाहेरून ओरडल्या. "माणसाला कुठली येणार ही सफाई!"

आत दाजी घामानं निथळत नक्षी कोरत होते.

"अहो, सांगून टाका ना हातची आहेत. तुमचंच कौतुक होईल," ताई त्यांच्या कानात ओरडली.

"खुळी की काय! अडाणी म्हणतील मला."

बाईंनी खुशीत दारं नेली आणि जाता जाता दवाखान्याच्या सगळ्या खुर्च्या सांगून गेल्या. मशीनच्याच. तेव्हापासून कारखान्याचं दार आतून बंद असतं, व्हॅक्यूम दिवसभर उगाच बोंबलतो, आणि मशीनवर दाजी जेवणाचा डबा ठेवतात.