रुईत शिजलेलं मटण

एकोणसाठ सालच्या दसऱ्याला देवीलालचे उरलेसुरले दोन दात पडले आणि म्हाताऱ्यानं मटणाकडे पाठ फिरवली. फुलसावंगीजवळच्या त्यांच्या तांड्यात कोणी बकरा कापला की घरोघर वाटा पोचायचा. वाटा आला की देवीलाल खाट उचलून बाहेर कडूनिंबाखाली न्यायचा आणि घराकडे पाठ करून पडायचा. वास तरी येऊ नये म्हणून.

त्याची सून जमनी हे सारं पाहत होती. नवरा रामधन झरीकडच्या जंगलात बांबू तोडायला गेलेला, तो होळीशिवाय परतणार नव्हता. घरात ती आणि सासरा, दोघंच. म्हातारा भाकर वरणात कुस्करून दोन घास खायचा आणि उठायचा. दिवाळीपर्यंत त्याच्या अंगावरची बंडी खुंटीला अडकवल्यासारखी लोंबायला लागली.

"बापू, थोडा रस्सा तरी घ्या," पदर कपाळावर ओढून ती म्हणायची.

"रस्सा जवान पोरीनं प्यावा. मले नको."

जमनीच्या वाट्याला मटण यायचं तेही उरलंसुरलं. कापसाचे दिवस होते. ती सकाळपासून शेतमालक नानाजींच्या वावरात वेचणीला जायची आणि संध्याकाळी परतेपर्यंत चांगलं मटण संपलेलं असायचं. उरायच्या त्या नळ्या, मान, नाहीतर खूर. बाजारात स्वस्त मिळायचं तेही हेच. सासू होती तेव्हा ती अशा नळ्यांपुढे चार-चार तास बसायची, मंद आचेवर, गोवरी मोडून मोडून घालत. सासू गेली त्याला वर्ष झालं होतं. वेचणी सोडून चुलीपुढे बसायला जमनीला सवड कुठली? घाईनं शिजवलेली नळी चामड्यासारखी व्हायची. तिचे स्वतःचे दात दुखायचे.

एक दिवस वावरात कुत्रं फार घिरट्या घालत होतं, म्हणून तिनं भाकरीचं फडकं कापसाच्या ढिगात खोल खुपसून ठेवलं. दुपारी काढलं तर भाकर अजून ऊन आणि मऊ होती. शेजारी सुखीबाई बसली होती, तिच्या भाकरीला नुसतं कडकपण आलेलं. जमनीनं पुन्हा हात ढिगात घातला. आत ऊब होती. त्या दिवशी ती कापूस वेचत होती खरी, पण मन दुसरीकडेच होतं.

घरी सासूची जुनी गादी फाटून पडली होती. तिनं ती उसवली, पिवळी पडलेली रुई पिंजली आणि मोठ्या टोपल्यात दाबून भरली. मधे खळगा केला. सकाळी नळ्या शिजत घातल्या आणि उकळी फुटताच गंज उतरवून त्या खळग्यात ठेवला, वरून गोधडी टाकली. तांड्यातल्या बाया भांड्याला गंजच म्हणत. तिचा गंज जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा होता, एका कानाचा.

सुखीबाई दारातून डोकावली. "काहून वो जमनी, मटनाले थंडी वाजून राह्यली का?"

"वाजते," जमनी म्हणाली. "तुले काय त्याचं?"

संध्याकाळी गंज उघडला तर मटण कोमट, अर्धकच्चं आणि आंबूस. कुत्र्याला घालावं लागलं. सुखीबाईनं ही गोष्ट तांडाभर केली. देवीलालनंही ऐकली.

जमनीनं चार दिवस विचार केला. भांडं अर्धं रिकामं होतं. झाकणी सैल होती. उकळी फुटली न फुटली तोच आपण गंज उतरवला. पुढच्या बाजाराला तिनं खाटकाकडून मानेचे तुकडे आणि नळ्या घेतल्या. पहाटे उठून मटण तास-दीड तास चांगलं खळखळू दिलं, गंज काठोकाठ भरला, झाकणीभोवती कणकेची वात फिरवून तोंड बंद केलं आणि कुठेही फट राहणार नाही अशी रुई दाबली. मग गोधडीवर दगड ठेवून ती कामावर गेली.

दिवस मावळायच्या आत ती घरी आली. कणीक फोडली. वाफेनं तोंड भाजलं. पुन्हा एक उकळी देऊन तिनं नळी उचलली, तर हाड हातात आलं आणि मटण गंजातच राहिलं.

तिनं ताटली कडूनिंबाखाली नेऊन ठेवली आणि आत गेली. कुडाच्या फटीतून पाहू लागली. बराच वेळ म्हातारा घराकडे पाठ करून पडून होता. मग त्यानं हात मागे टाकला, चाचपडत एक तुकडा उचलला आणि तोंडात ठेवला. जिभेनं दाबला. उठून बसला.

"जमने," त्यानं हाक मारली. "भाकर आन."

त्या दिवशी त्यानं दीड भाकर खाल्ली.

पण तांड्यात गोष्ट पोचते ती रूप बदलून. जमनीच्या घरी टोपलंभर रुई आहे, असं सुखीबाई हसत बोलली होती. नानाजींच्या कानावर गेलं ते असं, की जमनीनं टोपलंभर कापूस घरी नेला. एका संध्याकाळी वेचणी संपता संपता त्यांनी सगळ्या बायांसमोर तिला थांबवलं.

"कापूस चोरतं का वो बाई?"

सुखीबाईनं मान खाली घातली.

"चाला घरी," जमनी म्हणाली. "पाहून घ्या."

नानाजी पुढे, ती मागे, आणि चार-दोन बाया त्यांच्या मागे. दारात टोपलं होतंच. जमनीनं रुईचा मूठभर पुंजका काढून नानाजींच्या हातावर ठेवला.

"तुमच्या वावरातल्या कापसात सरकी असते. यात एक सरकी सापडते का पाहा. सासूच्या गादीतली रुई हाये हे."

नानाजींनी पुंजका चिमटीनं उलगडला. सरकी नव्हती. त्यांनी दुसरा काढला, तोही तसाच. तोवर टोपल्यातून वास सुटला होता.

"आत काय हाये?"

"खूर."

खाटेवरून देवीलाल म्हणाला, "बसा नानाजी. आले तसे जेवून जा."

नानाजींच्या बायकोच्या, इंदूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. लग्नापासून त्या घरात मटण शिजलं नव्हतं. नानाजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि खाटेच्या कडेला बसले. दोन ताटल्या झाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतीच ताटली पुढे केली.

हात धुऊन ते म्हणाले, "चुकलं माझं."

जमनीनं पदर आणखी पुढे ओढला, पण शब्द मागे घेतला नाही. "तुमी सगळ्यायसमोर विचारलं होतं. सांगा बी सगळ्यायसमोर."

देवीलालनं दचकून सुनेकडे पाहिलं. पंधरा वर्षांत ती परक्या माणसापुढे एवढं कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाया वेचणीला लागायच्या आधी, नानाजी बांधावर उभे राहिले. जमनीवर आपण खोटा आळ घेतला, चूक आपली, असं त्यांनी मोठ्यानं सांगितलं. खाल्ल्याचं मात्र सांगितलं नाही. तेवढं बायांनी पोटात ठेवलं.

सुखीबाई दुपारी जमनीशेजारी येऊन बसली. "माझी जीभच मेली तशी," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "कणीक घट्ट भिजवतं का सैल?"

"घट्ट," जमनी म्हणाली.

होळीच्या आदल्या दिवशी रामधन खांद्यावर गाठोडं टाकून तांड्यात शिरला, तोवर तिथल्या पाच घरांत अशी टोपली झाली होती. कडूनिंबाखालची खाट रिकामी पाहून तो दारातच थांबला.

"बापू कुठं हाये?"

"बाजारात गेले," जमनी म्हणाली. "सुखीबाईले चांगली नळी पारखता येत नाही म्हणून तिच्यासंगं गेले. खाटकासंगं भांडत असतील."

तिनं रामधनच्या खांद्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं आणि पाण्याचा लोटा हातात दिला.