शर्टाची शेपटी

“कात्री कुठं ठेवलीय रे?” रेनोनं विचारलं.

त्याचा मेव्हणा उनो शेगडीत लाकूड सारत राहिला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच लाकूड बघत होता. कॅम्पातला जुना सोबती मॅटिला कॉफीच्या पेल्यात डोळे घालून बसला. उनोची लेक डार्ला खिडकीबाहेरचा बर्फ न्याहाळू लागली.

“बहिरे झालात का सगळे? हरीण चुकलं माझं. चांगलं कूस दाखवून उभं होतं समोर, तरी चुकलं. आणा कात्री.”

“बसा हो दाजी आधी,” उनो म्हणाला. “बूट काढा, कॉफी घ्या. होतं असं कधी कधी.”

‘होतं असं कधी कधी’ हे शब्द रेनोला झोंबले. या शिकारीच्या कॅम्पात आजवर कुणी कुणाला हे ऐकवलं नव्हतं.

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला, सीडरच्या झाडांच्या दलदलीकाठी असलेल्या या लाकडी खोपटात कायदा एकच होता. नेम चुकून ज्याचं हरीण सुटेल, त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापायची, तिच्यावर नाव नि साल घालायचं आणि ती तुळईला ठोकायची. तुळईवर अशा चिंध्यांची तोरणं लागली होती. एकट्या उनोच्या जोडल्या असत्या तर खिडकीला पडदा झाला असता. रेनोची मात्र तिथं एकही नव्हती. उलट कात्री कायम त्याच्याच हातात असायची. रायफलीची नेम धरायची माशीच वाकडी आहे, थंडीनं बोटं आखडली, अशी उनोची रडगाणी चालू असायची आणि रेनो कचकच कात्री चालवत म्हणायचा, “नाचता येईना अंगण वाकडं!” मग सगळं खोपट हसायचं. सगळ्यात मोठ्यानं उनोच हसायचा.

मोसम संपला की ते थोटे शर्ट हेल्मीकडे जायचे. हेल्मी म्हणजे रेनोची बायको, उनोची थोरली बहीण. तिच्या शिवणयंत्राशेजारी वेताची एक टोपली असे. पुरुषमंडळी ओशाळून शर्ट तिच्यात टाकायची आणि ती हिवाळाभर बसून त्यांना जुन्या चादरींच्या पट्ट्या लावून द्यायची.

“सगळ्या गावाचे शर्ट येतात माझ्याकडं, तुमचा तेवढा येत नाही,” ती दर वर्षी म्हणायची. “एकदा तरी आणा की.”

“त्यासाठी हरीण चुकावं लागतं, बाई.”

“मग चुका की! एवढा कसला तोरा?”

रेनोनं सारा जन्म काउंटीच्या सरकारची बर्फ सारायची गाडी चालवली होती. पहाटे लोक उठायच्या आत रस्ता मोकळा करायचा आणि लोक उठले की झोपायचं. त्याचं कौतुक कोण करणार? रस्ता साफ असला की तो कुणी केला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. कौतुक होत होतं ते फक्त या कॅम्पात, नोव्हेंबरात, आणि त्या लिव्हर ओढून गोळी भरायच्या रायफलीपायी. लग्न झालं त्याच शरदात त्यानं ती जुनी विकत घेतली होती. खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता त्याच्या हाताला लांब पडत होता, तो त्यानं कापून बेताचा केला. खालच्या लिव्हरचं लोखंड थंडीत बोटांना चावायचं, म्हणून हेल्मीनं त्यावर हरणाचं कातडं शिवून दिलं, चांभारी टाक्यानं. इतक्या वर्षांत त्या टाक्यातला एकही उसवला नव्हता. दस्त्याच्या डाव्या अंगाला, जिथं रेनोचा गाल टेकायचा, तिथं लाकूड काळंभोर गुळगुळीत झालं होतं.

गेल्या हिवाळ्यात हेल्मी गेली. बर्फ वितळला तशी रेनोच्या उजव्या डोळ्याच्या मधोमध करड्या रंगाचा डाग आला. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसेना. डॉक्टर म्हणाले, यावर आता इलाज नाही, पण डावा डोळा शाबूत आहे, गाडी चालवता येईल. रेनो म्हणाला, “गाडीचं कोण विचारतंय?”

कॅम्पात म्हाताऱ्यांची एक जागा ठरलेली असते. नेम गेला की चुलीपाशी बसायचं, बटाटे सोलायचे आणि पोरांना जुन्या गोष्टी सांगायच्या. सगळे त्यांच्याशी फार गोड बोलतात. रेनोला त्या गोडव्याची धडकी भरली. एक हेल्मी गेली होती, आता ही एकच गोष्ट उरली होती.

म्हणून उन्हाळाभर तो गॅरेजात कोंडून घेऊन राहिला. लिव्हर मधोमध खाली असते, त्यामुळं अशा रायफलीला डावं-उजवं ठाऊक नसतं, हे त्याचं नशीब. दस्त्याची उजवी बाजू त्यानं कानशीनं घासली, काचकागद फिरवला, वर जवसाच्या तेलाचे हात मारले, तेव्हा कुठं डावा गाल तिथं टेकू लागला. मग खदाणीत जाऊन डाव्या खांद्यावरून कागदी थाळ्यांवर नेम धरू लागला. सुरुवातीला थाळी राहिली बाजूला, मागची दरडही हुकायची. पण ऑक्टोबर सरता सरता थाळीला भोकं पडू लागली. यातलं कुणाला काही न सांगता तो कॅम्पात आला, अंगात हेल्मीनं शिवलेला शेवटचा शर्ट, लाल-काळ्या चौकटीचा लोकरीचा.

आणि आज सकाळी सीडरमधून तो नर बाहेर आला, हाकेच्या अंतरावर. रेनोनं रायफल उचलली ती थेट उजव्या खांद्याला. जन्माची सवय ती! हरणाच्या जागी त्याला फक्त करडा डाग दिसला. घाईनं त्यानं रायफल डावीकडे घेतली, चाप ओढला. गोळी वरून गेली आणि सीडरच्या फांदीवरचा बर्फ खाली आला. मग बराच वेळ तो माग काढत हिंडला. कुठं रक्ताचा थेंब नाही, केसाची बट नाही. जनावर धडधाकट निसटलं होतं, एवढं मात्र बरं झालं.

आणि इथं येऊन बघतो तर ही मंडळी तोंडं शिवून बसलेली.

“काका,” डार्ला हळूच म्हणाली, “हा शर्ट आत्यानं शिवलाय. त्याला कशी कात्री लावायची?”

“कसं म्हणजे? बापाच्या शर्टांना लावतात तशी.”

“यंदाचं वर्ष राहू द्या दाजी,” उनो म्हणाला. “डोळ्यांचं कळलंय आम्हाला. कुणी काही म्हणणार नाही.”

“तेच तर!” रेनो ओरडला. त्याचा आवाज फाटला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. “कुणी काही म्हणत नाही, तेच तर नको झालंय मला. तिकडं घरात कुणी काही म्हणत नाही. आता इथंही नाही? उनो, तुझा शर्ट किती वेळा कापलाय मी? दया केली कधी? मी चुकलोय. चुकणाऱ्यांतला तरी धर मला!”

तो वळला. पट्ट्यातून शर्ट उपसला आणि सगळ्यांकडे पाठ करून, दोन्ही हात तुळईच्या खांबाला टेकून उभा राहिला.

फळीवरचा डबा वाजला. कात्री त्यातच होती, कायम असायची तिथंच. उनोची पावलं मागं येऊन थांबली.

“माशी वाकडी होती का हो दाजी?” उनोनं विचारलं.

“वाकडीच होती,” रेनो खांबाला म्हणाला. “थंडीनं बोटंपण आखडली.”

“नाचता येईना,” उनो म्हणाला आणि तिथंच अडकला. पुढचं मॅटिलानं पुरं केलं, टेबलावर मूठ आपटून. मग डार्लाला हसू फुटलं आणि सगळं खोपट हसू लागलं. रेनोही हसला, डोळे पुसत. कात्रीला जाड लोकर सहजी कापेना, उनो शिव्या देत राहिला.

डार्लानं त्या चिंधीवर नाव घातलं, सालही घातलं. तिच्या बापाच्या चिंध्यांशेजारी मुद्दाम जागा करून तिनं ती ठोकली.

आठवड्यानं रेनो घरी आला. रायफल पुसून, तेल लावून त्यानं खुंटीला टांगली. मग शिवणयंत्रापाशी गेला. टोपली गेल्या हिवाळ्यापासून रिकामीच होती. त्यानं शर्टाची नीट घडी घातली, कापलेली बाजू वर येईल अशी, आणि तो टोपलीत ठेवला.

“घे,” तो म्हणाला. “आणला एकदाचा.”