साडेतीन महिन्यांचा गाळ

मैलापाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावरच्या ऑपरेटरना सगळे बुडबुडे म्हणत. टाकीच्या तळातून दिवसभर हवेचे बुडबुडे सोडायचे, त्या हवेवर जिवाणू जगवायचे आणि जिवाणूंनी गावाची घाण खायची, एवढंच काम. यात बुडबुड्यांनी स्वतः काय केलं म्हणाल, तर बावीस वर्षं बढाया मारल्या. जिवाणूंना ते ‘माझी पोरं’ म्हणत. घरी मुलीशीही हाच विषय. बिचारी ऐकून ऐकून शेवटी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली.

आज ती पहिल्यांदाच वडिलांच्या केंद्रावर नमुना घ्यायला येणार होती. मागचे दोन नमुने नापास झाले होते. तिसराही गेला, तर बुडबुड्यांची रवानगी भांडारात, नटबोल्ट निवडायला.

दोष पंपाचा, असं ते ठणकावून सांगत. खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. जिवाणू खाऊन वाढतात, त्यांचाच गाळ होतो, तो फार दाटला की खाली बसत नाही, म्हणून जास्तीचा दर आठवड्याला काढून वाळत घालायचा, हे कालच्या नवशिक्यालाही कळतं. पण गेल्या थंडीत निम्मे जिवाणू मेले आणि दुसऱ्या केंद्रापुढे हात पसरून टँकरभर गाळ आणावा लागला. तेव्हापासून यांचा हात धजेना. साहेब सांगून थकले. “पोरं वाढली म्हणून कोणी घराबाहेर काढतं का?” हे यांचं उत्तर. उत्तर झकास होतं, फक्त टाकीला पटलं नाही.

गाळ खाली बसून वरचं स्वच्छ पाणी जिथून बाहेर पडायचं, तिथे आज सकाळी पोरं घोळक्याने काठ ओलांडून निघाली होती. बुडबुड्यांनी जाळी घेऊन त्यातले चार घोळके परत पकडले. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं. अब्जावधींतले चार घोळके वाचवणारा शहाणा दुसरा कोण असणार?

मुलगी बाटली घेऊन आली.

“अगं, पायऱ्या निसरड्या आहेत. तू बस, मी आणतो भरून,” बुडबुडे म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी त्या पायऱ्यांची काळजी कुणासाठी केली नव्हती. ते बाटली घेऊन गेले ते थेट पिण्याच्या पाण्याच्या नळावर.

मुलीने बाटली उजेडात धरली, वास घेतला. “बाबा, हे पास झालं तर तुमचा पुतळा उभारतील,” ती म्हणाली. तिने पाणी मोरीत ओतलं आणि स्वतः पायऱ्या उतरली. बुडबुड्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती आली ती गढूळ बाटली घेऊन. मग हवेच्या टाकीतलं पाणी तिने काचेच्या उंच भांड्यात ओतलं आणि अर्धा तास दोघं त्याच्यासमोर बसली. गाळ काही खाली बसेना.

“किती दिवस काढला नाही?”

“साडेतीन महिने.”

“आणि पंप?”

“ठणठणीत आहे.”

तिने नमुन्याचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. कारणाचा रकाना कोरा होता. बुडबुड्यांनी पेन दोनदा टेकवलं, दोनदा उचललं. मग लिहिलं, ‘ऑपरेटरने भीतीपोटी गाळ काढला नाही.’ खाली सही केली. इतकं थोडक्यात ते जन्मात कधी बोलले नव्हते.

“उद्यापासून भांडार,” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

दोघं गाळाच्या वाहिनीकडे गेली. झडपेचं चाक गंजून घट्ट बसलं होतं. बुडबुड्यांनी जोर लावला, मुलीनेही लावला, तेव्हा कुठे ते फिरलं आणि काळा गाळ भसाभसा वाळवणीच्या वाफ्यात पडू लागला. बुडबुडे बघत राहिले. त्यांना पोरांचं वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

“आईला भांडाराचं तुम्हीच सांगा,” मुलगी हात पुसत म्हणाली. “नळाचं मी नाही सांगणार.”